सरांच्या छातीतला फुगा

प्रिय भोपळाबाई,

साष्टांग घालण्याइतके गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून हा उभ्याउभ्याच नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? (खरं सांग. फोनवर ‘मजेत’ म्हणतेस आणि मागून कण्हल्याचं ऐकू येतं.) भाऊजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

कळवायचं ते हे, की आपले एक्स-रेचे सर आमच्याच हॉस्पिटलात दाखल आहेत. काळजी नको, यायचीही गरज नाही. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला हवेचा भलामोठा फुगा झालाय, त्याने दम लागतो. खालचं दबलेलं फुप्फुस धड असेल तरच सर्जन फुगा काढणार. ते धड आहे का, हे स्कॅन बघून मी लिहायचंय.

पण आधी गंमत ऐक. दाखल झाले तेव्हा नव्या डॉक्टरने एक्स-रे पाहिला. वर सगळं काळंकुट्ट. त्याला वाटलं, हवा फुप्फुसाबाहेर सुटलीय, आणि स्वारी ती काढायला छातीत नळी घालायला निघाली! सरांना धड बोलवत नव्हतं, तरी फिल्म छापून मागितली (हल्ली सगळं पडद्यावर असतं, छापायचं यंत्र शोधण्यातच आमची त्रेधा), खिडकीशी धरली आणि धापा टाकत त्याची तोंडी परीक्षा सुरू केली. काठ कुठे वळलाय? बरगड्यांना समांतर असता तर हवा बाहेरची. हा वाटीसारखा खोलगट, म्हणजे फुगा. फुग्याला भोक पाडून काय मिळवणार? बिचाऱ्याला घाम फुटला. मला मात्र वीस वर्षांची झाल्यासारखं वाटलं.

काय दिवस होते गं ते! डार्करूमचा तो आंबूस वास, दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या फिल्म्स, आणि सरांचं एकच पालुपद: काळी पोकळी दिसली की आधी तिची भिंत शोधा. पातळ भिंत दिसली तर सिस्ट, म्हणजे नुसती पिशवी, जाड असली तर आत काहीतरी सडलंय, भिंतच नाही, नुसती भोकं, तर फुप्फुस विरलंय. तू छातीठोकपणे पातळ भिंतीचा सिस्ट दाखवलास, तो फिल्मवर वाळलेला पाण्याचा थेंब निघाला. पेशंटला ऑपरेशन नको, फिल्मला फडकं हवं, असं म्हणून सरांनी तुला भोपळा दिला. ते नाव तुला आजतागायत चिकटलं. त्या खोलीत आता लिफ्ट आहे. मी रोज तिच्यातून वर जाते आणि रोज मला भरून येतं.

बाकी क्षेम.

तुझी,
बडबडी

ता. क. यायची गरज नाही, हे वर लिहिलंय ते खोडलं असं समज. रजा टाक आणि ये.

ता. क. दुसरा. स्कॅन उघडते आणि डोळ्यांपुढे सगळं धूसर होतं. भिंत आहे की नाही, हे मी रोज परक्या माणसांना खुशाल सांगते. सरांचं फुप्फुस खाली चाळणी झालेलं निघालं, तर ते माझ्या हातून लिहवणार नाही. तू वाच, मी शेजारी बसते. रिपोर्ट कोण करतंय, असं सरांनी काल विचारलं, तेव्हा मी तुझं नाव सांगून मोकळी झाले. तेव्हापासून ते दाराकडे बघत बसलेत.