चष्म्याशिवायची पहिली सकाळ

अगं,

उशाशी चष्मा चाचपडू नकोस. काल लेझरने तुझा नंबर गेला. डोळे चोळू नकोस, आठ वाजता थेंब घाल.

आज अंघोळ नको, असं डॉक्टर म्हणाले. मलाही तेच बरं वाटतं. अंघोळीला तुझा चष्मा नसायचा, म्हणून तर तिथल्या टाइल्स घासायचं काम मी हौसेने घेतलं होतं.

आता माझं. नऊ वर्षं तू झोपेतून उठून, चष्मा न लावताच, मला ‘छान दिसतोस’ म्हणतेस. आज खरं काय ते दिसेल, म्हणून तू उठायच्या आत दाढी-कटिंगला पळालोय.

दार उघडलंस की नीट बघ. तरीही छान म्हणालीस, तर चहा मी करतो.

नाही म्हणालीस, तरी मीच करतो.