आत्याच्या कपाळावरची खूण

तीर्थरूप आत्या,

नाक जमिनीला टेकवून नमस्कार. (खरंच टेकवलं, धूळ लागलीय.) तुझा गुडघा कसा आहे? शाळेच्या प्रयोगशाळेत पोरांनी या आठवड्यात किती काचा फोडल्या? आम्ही बरे आहोत, म्हणजे बाबा बरे आहेत, माझं काही सांगता येत नाही. दोन गल्ल्या सोडून राहते आणि पत्रं कसली लिहिते ही कार्टी, असं म्हणशील. पण तोंडावर सांगायची हिंमत नाही गं. आधी पूर्ण वाच, मग हाण.

तुझ्या फोटोचं सांगायचंय, स्थळाला पाठवलेल्या. तुझ्या दादाची, म्हणजे बाबांची, फोटो काढायची पद्धत तुला माहीतच आहे. स्टुडिओत माणूस ओळखपत्रावरच्यासारखा ताठ होतो म्हणून ते सगळ्यांना सकाळी आठला मागच्या गल्लीत नेतात, ऊन तापायच्या आत, जिथे भिंतीची सावली संपते तिथे उभं करतात. मी समोर थर्माकोलचा पांढरा तुकडा धरते, म्हणजे उजेड उलटून चेहऱ्यावर पडतो. (हात भरून येतात, पण कौतुक कुणाला?) ते कधी ‘हसा’ म्हणत नाहीत. नुसत्या गप्पा मारतात. तुला त्यांनी प्रयोगशाळेतलं बेसिन कुणी फोडलं ते विचारलं, तू आधी चिडलीस, मग त्या पोराची नक्कल करता करता स्वतःच हसलीस, आणि तेवढ्यात खटक! इतका छान फोटो गं. मग कॉम्प्युटरवर साफसफाई माझ्याकडे. त्यांचा नियम एकच, आठ दिवसांत आपोआप जाईल तेच पुसायचं, मुरूम, चिकटलेला दोरा वगैरे. जे माणसासोबत राहणार त्याला हात लावायचा नाही.

मी हात लावला. मुरूम पुसला, मग डोळ्यांखालच्या रेषा, मग पांढरे केस, मग हनुवटीखालचं ते जरासं, मग कपाळावरची खूण. गंमत वाटायला लागली की थांबता येत नाही मला. शेवटी तू माझ्या वर्गातली वाटायला लागलीस. (नापास झालेल्यांतली नाही, हुशार बाकावरची.) तुला दाखवून घाबरवायचं म्हणून छापला. नंतर बाबा म्हणाले, पाकिटात फोटो घाल. टेबलावर दोन्ही होते. आत्या, मी चुकून नाही, मुद्दाम खोटा घातला. वाटलं, स्थळ म्हणून आलेले ते घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ दिपून जातील.

तर गृहस्थ पाकीट घेऊन बाबांच्या फोटोच्या दुकानात आले. बाबा बाहेर गेले होते. म्हणाले, ‘‘बाई फारच लहान आहेत. मी पन्नाशीचा माणूस, सोबत चाललो तर लोक बाप समजतील. माफ करा, नाही जमायचं.’’ घरी येऊन मी एवढंच सांगितलं की नकार आला. का आला ते गिळलं. तू ‘बरं झालं, सुटले’ म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी केसांचा रंग आणलास. मग मला विचारलंस, ‘‘ही कपाळावरची खूण फार दिसते का गं?’’ तेव्हा माझ्या तोंडात घास होता. तो चावत राहिले, चावतच राहिले. तेव्हापासून नीट जेवण जात नाही. (दोनच पोळ्या. आईला विचार.)

परवा बाबांना कॉम्प्युटरवर तो फोटो सापडला. ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसून पुसून बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘खूण कुठं गेली? सात वर्षांची होती, मी झोक्यावरून ढकललं होतं तिला. रक्त बघून मीच जास्त रडलो, तर ही मलाच गप्प करत होती.’’ मग उठून बाहेर गेले. मला वाटलं, मी तुझा चेहराच नाही, त्यांचंही काहीतरी पुसलं.

म्हणून काल खरा फोटो घेऊन मी त्या गृहस्थांकडे गेले आणि सगळं कबूल केलं. ते रागावलेच नाहीत. घड्याळ बघायचं भिंग डोळ्याला लावून फोटो बघत बसले, मी तोवर भिंतीवरची बत्तीस घड्याळं मोजली. मग म्हणाले, ‘‘यांच्याशी बोलावंसं वाटतंय.’’ आत्या, नकार तुला नव्हता. मी बनवलेल्या बाईला होता. माझं चुकलं. केस रंगवू नकोस.

तुझी, तोंड दाखवायला लाजणारी,
कार्टी

ता. क. त्यांनी तुझा नंबर मागितला. तू नकारावरून अजून चिडलेली, फोन उचलून त्यांनाच झापशील, म्हणून मी माझा दिला.

ता. क. २. कालपासून ते मेसेज करतायत आणि उत्तरं तू देतेयस, म्हणजे मी. तू फार गोड बोलतेस. आज थांबवणार होते, देवाशप्पथ. पण त्यांनी लिहिलं की ते रोज पोहायला जातात, तर घाईघाईत मी लिहून बसले, ‘अय्या, मीसुद्धा!’ रविवारी सकाळी सातला तुम्ही दोघं पोहायच्या तलावावर भेटताय. तुला बादलीभर पाण्याचीही भीती वाटते, ठाऊक आहे मला. आज बुधवार. पत्र खरं म्हणजे एवढंच विचारायला लिहिलं, चार दिवसांत पोहायला येतं का गं?