खांबाकडे पाठ

अण्णा,

परवापासून मन थाऱ्यावर नाही. तुम्ही वीज कार्यालयात ज्या खुर्चीत बसायचात, तिथे आता मी बसते. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं करून झालं. ग्रुपवर शाबासकी दिली, महिन्याचा उत्तम कर्मचारी निवडला, ऐकेनात त्यांना नोटिसा काढल्या. माणसं आता वेळेवर येतात, पण सांगितल्याशिवाय जागची हलत नाहीत. तुमची माणसं भरलं ताट सरकवून निघायची. मला त्याचा हेवा वाटतो, चक्क हेवा.

आरे-वारेच्या रस्त्यावरचा तो दिवस आठवतो. शाळेला सुट्टी, म्हणून तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभं करून नेलंत. वारा उठलाय, वायरमन खांबावर चढलाय, आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून रस्त्यात उभे. वाडीतली माणसं तावातावाने विचारतायत, लाइट कधी येणार? तुम्ही सगळ्यांची बोलणी खाताय, वर त्यांच्याच आंब्याच्या कलमांची चौकशी करताय. आपला माणूस वर लटकलेला आणि तुम्हाला गप्पा सुचतात, याचा मला भयंकर राग आला होता. घरी आल्यावर आईकडे तक्रारही केली. तुम्ही पेज ओरपत राहिलात.

परवा मिरकरवाड्याच्या बंदरात लाइन गेली. बर्फाचा कारखाना बंद, बोटी धक्क्याला लागलेल्या, लोक चिडलेले. साहेबाने माणसांसोबत असावं, हे तुमच्याकडूनच उचललेलं, म्हणून मी मुद्दाम गेले. खांबाखाली उभी राहून सूचना देत होते, मध्येच फोटो काढून ग्रुपवर टाकत होते. वर चढलेल्या वायरमनला मी गेल्याच आठवड्यात नोटीस दिली होती. तो वरूनच, आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, तुमी वर बगू नका. हात थरथरतो माजा."

माझे कान तापले. तेवढ्यात वरिष्ठांचा फोन, अजून किती वेळ? मी खांबाकडे पाठ फिरवली. "माणूस वर आहे. उतरला की सांगते," म्हटलं आणि फोन पर्समध्ये टाकला. मग बर्फवाल्यांची बोलणी खात उभी राहिले. वायरमन उतरला, मग लाइन आली. तो पाणी प्यायला आणि पुढचा खांबही बघून येतो म्हणाला. मी सांगितलं नव्हतं.

ऑफिसात आता बोलतात, मॅडम वडिलांवर गेल्या. ऐकून बरं वाटतं आणि झोप उडते. तुम्ही गेलात, हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी पाठ फिरवली ती त्याच्यासाठी नव्हे. हात थरथरतो म्हणाला, आणि मला वर बघवेना.

तुमचंही तसंच होतं का, अण्णा?