भट्टीवरचा गूळ

भाईंदर, मंगळवार

चि. वाल्मिक,
सप्रेम जयभीम.

तू डांबराच्या भट्टीवरचं काम सोडून गावी गेलास त्याला महिना झाला. काल भट्टीवरचा सदू माझ्या हिशेबाच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, गूळ का बंद केलात? वाल्मिकदादा होते तोवर तुम्ही पाठवत होतात ना?"

तू गूळ वाटत होतास, हे मला तेव्हा कळलं. डांबराच्या धुरात उभं राहणाऱ्यांना घसा साफ राहावा म्हणून कंपनी रोज गूळ द्यायची. सहा वर्षांपूर्वी शेठनी मजुरीचा खर्च कमी करायला सांगितला, तेव्हा मी आधी गूळच काढला. भाऊ भट्टीवर आहे म्हणून मी झुकतं माप देते, असं कुणी म्हणायला नको होतं. तू भांडला नाहीस. स्वतःच्या पगारातून ढेप आणून माझ्या नावाने वाटत राहिलास. खोटं बोलायची तुझी सवय शाळेपासूनची आहे.

आज मी गूळ पुन्हा खर्चात लिहिला. शेठ म्हणाले, "बाई, मजुरी वाढली कशी?"

"वाढली नाही, शेठ. सहा वर्षं माझा भाऊ भरत होता."

त्यांनी सही केली.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू म्हणशील, "ताई, एवढ्याशा गुळासाठी भांडलीस?" मग मला माफी मागावी लागेल, आणि ते मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझी,
वैजयंताताई