संगणकातली शालू, सीडीतली शालू

२ सप्टें.
गौरी-गणपती पोचवून आलो. मानसी परवा पुण्याला परत जाणार. तिने पुन्हा तोच विषय काढला. "नाना, तो सीडी प्लेअर काढून टाका आता. आईच्या सगळ्या कविता मी संगणकात भरून दिल्यात. आवाज तोच, तिळाएवढा फरक नाही."
शालू जाऊन तीन वर्षं झाली. शाळेतल्या कविता ती पोरांना शिकवताना चालीवर म्हणायची, त्याची ही एकच सीडी. घरीच भरलेली. मी म्हटलं, फरक आहे. कोणता, ते सांगता येईना. संगणकात ती वर्गात साहेब तपासणीला आल्यासारखी म्हणते.

३ सप्टें.
आज परीक्षा झाली. मा.ने मला डोळे मिटायला लावले. कधी संगणक, कधी सीडी. शेजारचे बापू पंच. "काय हो नाना, कानातल्या यंत्राचा सेल तरी बदललात काय?"
दर वेळी बरोबर ओळखलं. बापू गार.
सीडीत तिसरी कविता संपते, पंखा घरघरत असतो, आणि शालू म्हणते, "अहो, तो पंखा बंद करा ना जरा." मग टक्. मग चौथी कविता. संगणकात तिसरीनंतर लगेच चौथी.
मा. म्हणाली, "मीच कापलं, नाना. आवाज स्वच्छ करताना. न कापलेलं ठेवलंच नाही."
कविता सगळ्या पोरांसाठी. माझ्याशी बोललेलं तेवढंच एक.
ठरलं. दिवाळीला मा. सीडी वाचायचं यंत्र आणेल, न कापता उतरवून घेईल. तोवर सीडी लावायची नाही, ओरखडा नको.

२० सप्टें.
पाऊस. लावली नाही. माझं इयत्ता चौथीचं पुस्तक आठवत बसलो. कवितेच्या कडेला बगळ्याचं चित्र, त्याच्या पायाशी माझा शाईचा डाग. कविता अजून सबंध पाठ आहे. म्हणून पाहिली. काही वाटलं नाही.

११ ऑक्टो.
पाऊस सरला की शालू घरातलं सगळं उन्हाला काढायची. गोधड्या, पुस्तकं, बरण्या. तसंच काढतोय. सीडीवर बुरशीचे ठिपके दिसले, म्हणून तीही अंगणाच्या गडग्यावर, दगडांच्या कुंपणावर ठेवली, चकचकीत बाजू वर. आज चौथा दिवस. ठिपके गेले. बरं वाटायला हवं.

१२ ऑक्टो.
संध्याकाळी बापू आले. सांगितलं त्यांना.
"उन्हात? चार दिवस? अहो, सीडी म्हणजे काय आमसुलं?"
मग त्यांचंच तोंड उतरलं. म्हणाले, घरी भरलेली सीडी उन्हाने बिघडते, लावून तरी बघा. लावली. पहिली कविता ठीक. दुसरीत अडखळली. पुढे ऐकवेना. बंद केली.
बापू चहा न घेता गेले. मी भात लावला, जेवलो, भांडी घासली.

१४ ऑक्टो.
मा.ला फोन. सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर

२१ ऑक्टो.
मा. आली. यंत्र काडेपेटीच्या चार खोक्यांएवढं. म्हणाली, उद्या सकाळी निवांत बसू. चकली खुसखुशीत झाली आहे म्हणाली. विकतची आहे.

२२ ऑक्टो. पाडवा
सकाळी आठला लावलं. पहिल्या तीन कविता उतरल्या. दुसरी थोडी फाटकी. मग पंख्याची घरघर आली, आणि शालूचा "अहो", आणि तिथेच अडकलं. यंत्र मागे जातं, पुन्हा तिथे येतं. साडेनऊ झाले.
मा. म्हणाली, "नाना, असंच ओढत राहिलो तर आहे तेही जाईल कदाचित. पुण्यात एक जण आहे, खराब सीडीतून काढून देतो. पण खात्री तोही देत नाही. काय करू? थांबवू?"
मी म्हटलं, तू आधी चहा घे.
ती आत गेली आहे. यंत्र फिरतंय. मी थांबवायच्या बटणाजवळ बसून हे लिहितोय.