कागलला गेलेला फोटो

बाबा, आज भाच्यानं मी छापलेला फोटो माझ्या माघारी गुपचूप पुन्हा छापला. मी तो पाण्यातून काढून दोरीवर अडकवला, आत जाऊन दोन घास खाल्ले, परत येऊन बघते तर दोरीवर दुसराच. माझ्यापेक्षा जरा गडद, जरा नेटका. माझा कुठं गेला ते मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. "आत्या, चहा टाकू का?" एवढंच म्हणाला, तेही इतक्या मऊ आवाजात की मला सगळं उमगलं. एरवी हा माझ्याशी भांडल्याशिवाय बोलत नाही. मी चहा घेतला, चहाला नावं ठेवली, आणि वर येऊन हा कागद पुढ्यात ओढला. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. तुम्हाला सांगायची एक गोष्ट तेवढी राहून गेली आहे. आज सांगितली नाही तर मग कधीच सांगायची नाही, एवढं मी मला ओळखते.

दुकानाच्या भिंतीवरचे तुमचे फोटो बघून गिऱ्हाइकं अजून विचारतात, हे सगळे गाणारे-वाजवणारेच कसे हो? त्यांना काय सांगायचं. तुमच्या वेळी महाराजांचा अमल होता, गल्लोगल्ली तालमी, आणि फोटोवाले सगळे पैलवानांच्या मागं. तुम्हाला किती जणांनी समजावलं, आईनं तर रोज. पण तुमचं आपलं एकच. "पैलवानाची मांडी समद्यास्नी दिसती. गळा कुणाला दिसतोय? त्यो मी दावतो." हे तुम्ही छाती काढून म्हणायचा, जसा काही गळा तुमचाच. तुमचा गळा मी ऐकला होता, बाबा. तुम्ही आंघोळीला बसून गायला लागलात की म्हैस पान्हा चोरते, असं आई म्हणायची आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

पण माणूस कसा बघावा ते तुमच्याकडून शिकावं. खुर्चीत बसवून हलू नका म्हणायचं, मानेला मागून लोखंडी टेकू लावायचा, हे तुम्हाला कधी आवडलं नाही. छपरात काचा बसवलेली ती खोली, खाली जाजम, आणि तुम्ही समोर मांडी घालून बसलेले. आधी गायला लावायचं. बाई असो की बुवा, सनईवाला असो की सारंगीवाला, पोटभर गाऊ द्यायचं, वाजवू द्यायचं. गाणं थांबतं, श्वास खाली बसतो, माणूस स्वतःला विसरून नुसता बसलेला असतो, आणि तेवढ्यात तुम्ही भिंगावरची टोपी काढता. उजेड किती द्यायचा ते तुम्ही घड्याळावर मोजत नव्हता, तीनतालावर मोजत होता, ओठातल्या ओठात. आभाळ असलं तर दोन आवर्तनं, लख्ख ऊन असलं तर अर्धं. मग माणूस ज्या काचेवर उतरला त्या प्रत्येक काचेचे तीन फोटो छापायचे. एक ज्याचा त्याला, एक आपल्या भिंतीला, आणि एक त्याच्या गुरूच्या घरी. गुरू हयात नसला तरी त्याच्या घरी. हा तिसरा फोटो तुम्ही कधी चुकवला नाही. चेहरा आईबापाचा असेल, पण हा जो बसलाय तो गुरूनं बसवलाय, असं तुम्ही म्हणायचा.

नवरा गेल्यावर मी तुमच्याकडं परत आले तेव्हा घरात सगळे माझ्याशी हळू बोलत होते. तुम्ही मात्र चौथ्या दिवशी ओरडलात, की दिवसभर भिंतीकडं बघत बसतीस त्यापेक्षा गच्चीवर जा आणि कागद उन्हात धर. सुताराकडून माझ्या हाताच्या मापाची छापायची चौकट करून आणलीत, शिसवी, पितळी बिजागरीची. माझ्या लग्नातही कुणी मला इतकं नीट माप घेऊन काही दिलं नव्हतं. आईनं औषधाच्या थाळ्या स्वयंपाकघरात नकोत म्हणून आकांत केला, आमटीला वास लागतो म्हणून तुमचं ताट आदळलं, आणि पुढच्या महिन्यात स्वतःच चुलीमागची जागा माझ्यासाठी सारवून दिली. दोन वर्षांत मी तुमच्याइतकं छापायला लागले. माझ्याहून चांगलं छापते, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि मी आत लाजून लाल व्हायची. तुम्हाला खरंच तसं वाटायचं का, का मला उभं करायला म्हणायचा, ते मी कधी विचारलं नाही.

आता ती गोष्ट. त्या आठवड्यात मी आईबरोबर जोतिबाला गेले होते. परत आले तर तुम्ही तापानं अंथरुणावर. डोळे न उघडता म्हणालात, तबलजी येऊन गेला, काच धुऊन मांडणीवर ठेवली आहे, तीन छाप, एक कागलला त्याच्या गुरूकडं, बुवांकडं धाड. एवढंच. हा तबलजी कोण, कसा, मला काही ठाऊक नव्हतं. मी त्याला पाहिला नव्हता, ऐकला नव्हता. काच हातात घेतली, कच्चा फोटो छापून बघितला. डग्गा त्याच्या उजव्या हाताखाली आणि तबला डाव्या. तबला उजव्या हाताचा, हे आपल्या घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक. मग हे कसं झालं? माझ्या मनात उत्तर एकच आलं. काचेच्या एकाच बाजूला चित्र धरणारा मसाला असतो आणि ती बाजू भिंगाकडं यावी लागते. अंधारात कॅमेऱ्यासाठी भरताना ती चाचपून बघायची असते. काच उलटी बसली की माणूस आरशातल्यासारखा उलटा उतरतो. गेल्या पावसाळ्यापासून तुमचा हात कापतो हे मी बघत होते. महिन्यापूर्वी तुमच्या हातून एक काच फुटलीही होती.

मी ती चूक दुरुस्त केली. काच चौकटीत पालथी घातली, मसाला वर आणि कोरी बाजू कागदावर, आणि ऐन दुपारी, सूर्य डोक्यावर असताना धरली, म्हणजे कडा कमीत कमी पसरतात. तबला त्याच्या उजव्या हाताखाली आला. सगळं कसं जागच्या जागी. तिन्ही फोटो तसेच छापले, पुठ्ठ्यावर चिकटवले, कागलचा त्याच दिवशी बाजाराला निघालेल्या शेजाऱ्यांबरोबर दिला. तुम्हाला दाखवले नाहीत. तुम्ही आजारी होता, उगाच मनाला लागेल म्हणून. आणि खरं सांगू? मला फार बरं वाटत होतं.

आठ दिवसांनी तबलजी दारात उभा. पस्तिशीचा माणूस, हातात नारळ आणि कोरा फेटा, आणि चेहरा असा की हसावं की रडावं कळत नाही. बुवांनी बारा वर्षांपूर्वी त्याला घरातून घालवून दिलं होतं, कारण हा डावरा. लहानपणापासून हात बांधून बघितला, मारून बघितलं, हात काही वळला नाही. डाव्या हातानं तबला वाजवणारा शिष्य माझ्या नावावर नको, असं म्हणून त्यांनी दार लावलं. आणि आता त्याच बुवांनी मुलाकडून नारळ पाठवला होता. निरोप असा, की फोटो पोचला, हात सुधारला, बरं झालं, येत्या पुनवेला ये आणि माझ्यापुढं वाजव. तबलजीनं अजून फोटो बघितला नव्हता. मी त्याच्या हातात दिला. त्यानं तो बघितला आणि जाजमावर खाली बसला.

तुम्ही पासोडी गुंडाळून बाहेर आलात. फोटो घेतलात, भिंतीसाठी ठेवलेला दुसरा मागितलात, दोन्ही शेजारी धरून उजेडात नेलेत. मग मला म्हणालात, "कोटाच्या बटनाची पट्टी कुठल्या अंगाला हाय बघ." मी बघितलं. पट्टी बायकांच्या पोलक्यासारखी उलटीकडं. म्हणजे काच पहिल्यापासून सरळच होती, उलटी मीच केली. तुम्ही माझ्याकडं एकदाच बघितलंत आणि विचारलंत, "घाई झाली व्हय गं?"

मी म्हणाले, "व्हय."

तबलजी म्हणाला, राहू द्या मास्तर, म्हातारा माणूस, चार दिवसांचा सोबती, मी जाऊन पाया पडून येतो, हात दुखतोय म्हणतो आणि वाजवत नाही. त्याच्या आवाजात इतकी आशा होती की मला वाटलं, तुम्ही हो म्हणाल. तुम्ही म्हणालात, बारा वर्षं तू हात लपवला नाहीस म्हणून तर मी तुझा फोटो काढला. आता माझ्याच फोटोमागं लपतोस होय? मग तापातच गच्चीवर चढलात आणि तो खरा फोटो तुम्ही स्वतः छापलात. मी थाळ्या धरायला आले तर धरू दिल्यात.

पुनवेला आपण तिघं बैलगाडीनं कागलला गेलो. बुवांच्या सोप्यात माझा फोटो हळदकुंकू लावून देवाशेजारी ठेवलेला होता. तो बघून मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तुम्ही बुवांच्या पायांवर डोकं ठेवलंत, तुमच्याहून थोडेच मोठे असतील ते, आणि म्हणालात, चूक आमच्या घरातली हाय, पोराची न्हाय. खरा फोटो पुढं ठेवलात. बुवांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला. सुनेनं आणलेलं गुळपाणी तसंच राहिलं. तबलजी मान खाली घालून बसलेला, आणि मला दिसत होतं की बारा वर्षांनी उघडलेलं दार माझ्यामुळं पुन्हा लागणार, या वेळी कायमचं. शेवटी बुवा भिंतीकडं तोंड करून बसले आणि म्हणाले, "वाजव. मला बघायचं न्हाय, ऐकायचं हाय."

त्यानं तबला डावीकडं घेतला आणि वाजवलं. किती वेळ ते मला सांगता येत नाही. तुमचे ओठ मात्रा मोजत होते एवढं आठवतं. तो थांबला. बुवा वळले नाहीत. भिंतीकडं बघतच म्हणाले, शेवटची तिहाई घाईत घेतलीस, पहिल्यापासून तुला ही खोड हाय, पुन्यांदा घे. आणि तो पस्तिशीचा बाप्या ढसाढसा रडायला लागला. बारा वर्षांत त्याला कुणी चूक काढून दाखवली नव्हती. रडत रडतच त्यानं तिहाई पुन्हा घेतली, आणि ती आणखी बिघडली, आणि बुवांनी त्याला आणखी झापलं. निघताना त्यांनी देवाशेजारचा फोटो उचलून तुमच्या हातात दिला. "ह्यो कोण हाय मला ठाऊक न्हाय," म्हणाले, आणि खरा तिथं ठेवला.

परतीच्या वाटेवर तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलात. अंगात ताप होताच. मी गाडीवानाला सांगत होते, दादा, जरा हळू हाक, आणि मनात सगळं जुळवत होते, की घरी गेल्यावर सांगायचं. घरी गेल्यावर आईनं भाकरी वाढली आणि मी सांगितलं नाही. पुढं सहा वर्षं तुम्ही काम केलंत. पोरीच्या हातून उभ्या जन्मात एकदाच घाई झाली, हे तुम्ही हसत हसत कितीजणांना सांगितलंत. एकदाही चिडून नाही. आणि प्रत्येक वेळी मी आत थाळ्या हलवत उभी.

बाबा, घाईत पालथी पडलेली काच एका फोटोत पालथी पडते. तीन फोटोंत तीनदा पडत नाही. दोन फोटो तुम्ही शेजारी धरून पाहिले होते, आणि तिसऱ्याचा निरोप कागलहून आलाच होता. तुम्हाला हे त्याच दिवशी कळलं असणार, आणि म्हणूनच तो शब्द तुम्ही माझ्या तोंडात घातलात. हे माझ्या ध्यानात यायला किती वर्षं लागली ते सांगायची लाज वाटते. तुम्ही इतकं सांभाळून घेतलंत की मला खरं बोलायची गरजच पडली नाही, आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला. हा कागद कुठं टाकायचा नाही, कुणाला दाखवायचा नाही, म्हणून इथं लिहिते. घाई नव्हती. मी पुष्कळ विचार करून ती काच उलटवली. मला वाटलं, बाबांचा हात आता गेला.

आणि पुढचं तर तुम्हालाही ठाऊक नसेल. कागलहून आल्यावरही, चूक माझीच होती हे कळल्यावरही, तुम्ही भरून ठेवलेली प्रत्येक काच मी तुमच्या मागं अंधाऱ्या खोलीत जाऊन तपासत होते. सहा वर्षं. एकही उलटी निघाली नाही.