शेवटचं प्रकरण परीक्षेला नाही

बाई, आज एका मुलीने मला तोंडघशी पाडलं, आणि मला राग नेमका कुणाचा येतोय तेच कळत नाहीये. तुम्ही शिकवलेली ती युद्धावरची कादंबरी मी आता पनवेलच्याच कॉलेजात शिकवते, तुम्ही दिलेल्या वहीवरून, तुमच्याच शब्दांत. तिचा नायक म्हणजे गावातला बडबड्या पोरगा, भेटेल त्याला 'जेवलास का?' विचारणारा. एसटीच्या कंडक्टरला विचारतो, छावणीतल्या खेचरालासुद्धा विचारतो. मग त्याच्या हातून पहिला माणूस मरतो, आणि पुढे तो कुणालाच काही विचारत नाही. 'हो साहेब. नाही साहेब. झालं साहेब.' तेव्हा तुमच्या वर्गात मी मोठ्या हुशारीने हात वर करून म्हटलं होतं, "बाई, तो शहाणा झाला." तुम्ही खडू खाली ठेवलात. "शहाणा कसला गं! उत्तराची भीती वाटायला लागली की माणूस विचारणं सोडतो. त्याचं पोरपण गेलं हे लेखकाने कुठेही लिहिलेलं नाही, त्याच्या बोलण्यात ऐक." इतकी वर्षं मी हेच, 'आमच्या बाई म्हणायच्या' असं म्हणून, माझ्या मुलांना सांगत आलेय.

तर ही मुलगी उलव्याची. तिने पेपरात लिहिलं की शेवटी तो एक प्रश्न विचारतो. घरी परत आलाय, आई त्याचं ताट उचलते, आणि तो आईला विचारतो, "मी जेवलो का?" मी लाल रेघ मारली, बाजूला शेरा दिला, 'असे वाक्य पुस्तकात नाही.' आज ती पुस्तक घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी. "मॅडम, हाय ना. शेवटच्या पानावर हाय, बघा तुमी." बघितलं. होतं. बाई, मी ते प्रकरण कधी वाचलंच नव्हतं! तुमच्या वहीत त्या जागी कोरं पान आहे, म्हणून माझ्या शिकवण्यातही कोरंच राहिलं. आधी वाटलं, तुम्हीही वाचलं नसेल. मग असं वाटल्याची लाज वाटली, आणि मग तुमचं स्वयंपाकघर आठवलं.

दुपार आहे. मी निबंधाची वही द्यायला बाजाराजवळच्या तुमच्या घरी आलेय. तुम्ही ओटा पुसताय. लष्करातून परत आलेला तुमचा धाकटा भाऊ आतल्या दारात उभा आहे, मिशीला अजून आमटी लागलेली. "ताई, मी जेवलो का?" तुम्ही म्हणता, "हो रे, जेवलास. दोन पोळ्या, भात." तो "बरं" म्हणतो आणि तिथेच उभा राहतो. जरा वेळाने पुन्हा तेच, आणि तुम्ही पुन्हा तितक्याच शांतपणे, "जेवलास रे." मला फिसकन हसू येतं. तुम्ही माझ्याकडे बघतही नाही. "वही ठेव आणि घरी जा." पुढच्या आठवड्यात तुम्ही वर्गात म्हणालात, शेवटचं प्रकरण परीक्षेला नाही, आणि पुस्तक मिटलंत. आम्ही आनंदाने बाकं वाजवली.

आता डोक्याचा नुसता भुगा झालाय. तुमचं म्हणणं चुकलं का? पोरपण गेलं की विचारणं सुटतं म्हणालात, आणि हा तर विचारतोय. की आधी तो दुसऱ्याची भूक विचारायचा आणि शेवटी त्याला स्वतःचीही कळेनाशी झाली, आणि हे तुम्ही रोज दोन वेळा ऐकत होतात? मला ठरवता येत नाही. मुलीचे मार्क वाढवले, रेघ खोडली, ते सोपं होतं. पण जाता जाता ती म्हणाली, "मग तुमच्या बाईंनी का नाय शिकवलं?" मी म्हटलं, उद्या सांगते. काय सांगू? भावाला झाकायचं होतं म्हणून? हे सांगून मी सुटेन, पण ते खोटं आहे.

तुम्ही पुस्तक मिटलंत त्याआधीचे चार-पाच दिवस वर्गात एक खेळ चालला होता. डबा बंद करायचा, तोंड बावळट करायचं आणि शेजारच्याला विचारायचं, "ताई, मी जेवलो का?" सगळे पोट धरून हसायचे. एकदा तुम्ही मला दारात थांबलेल्या दिसलात, हातात तेच पुस्तक. तुम्ही काही ऐकलं नसेल अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली, ती आजपर्यंत पुरली.

हे पत्र वहीतल्या त्या कोऱ्या पानात ठेवतेय, तुम्ही गेल्यावर दुसरीकडे कुठे पाठवणार? बाई, ती नक्कल वर्गात पहिल्यांदा मी केली होती.